पाण्यातलं औषध

तुर्भ्याच्या आमच्या खोलीत औषधाचं कपाट आलं ते चौऱ्याऐंशी साली, पावसाळा तोंडावर असताना. कंपनीत माल यायच्या खोक्यांच्या फळ्या आणून आमच्या ह्यांनी ते स्वतः ठोकलं. दार तिरकं बसलं, तरी कौतुकानं उघडून मिटून दाखवलं. आदल्याच पावसाळ्यात आमचा दोन वर्षांचा मिलिंद जुलाबानं गेला होता. आता विशाखा होती, आठ महिन्यांची.

खालच्या कप्प्यात मी तापाचं सिरप, थर्मामीटर, निलगिरीचं तेल, कापूस ठेवला. वरच्यात सासूबाईंचं वेखंड, मुरडशेंग, जायफळ. इंग्रजी औषधानं लेकराचं पोट जळतं, असं त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं मी गिळलं. सासू-सुनेनं एका कपाटात नांदायचं म्हणजे असंच.

राहिली सरकारी दवाखान्यातली पाकिटं. विशाखाला डोस द्यायला नेलं तेव्हा मालतीबाई नर्सनी ती दिली आणि म्हणाल्या, "जुलाब लागले की हे पाण्यात कालवून पाजत राहायचं. पाणी तोडायचं नाही. अंगातलं पाणी सुकूनच लेकरं जातात."

मी तिथंच बाकड्यावर बसले.

आमच्या परभणीकडं जुलाब लागले की लेकराचं पाणी तोडतात. वरून ओतलं की खालून जातं, असा हिशेब. सासूबाईंनी सहा लेकरं अशीच वाढवली. जगली ती त्यांच्या पुण्याईनं, गेली ती नशिबानं. मिलिंदच्या दुखण्यात मी दिवसभर कंपनीत पॅकिंगला, आणि तो त्यांच्या मांडीवर. ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसत त्या बसून होत्या.

राग आला. इतका, की त्यांच्या हातचा चहा घशाखाली उतरेना. पण मिलिंद गेल्यापासून त्या बाईनं गोडाचा घास तोंडात घातला नव्हता. तिला कुठल्या तोंडानं सांगू, की तुमच्या मायेनंच तो गेला? आणि सांगितलं नाही, तर मी कामावर असताना विशाखाचंही पाणी तुटणार. इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटी सासूबाईंशी खोटं बोलले.

"आत्याबाई, हे मोठ्या डॉक्टरचं औषध हाय. उकळून गार केलेल्या पान्यात कालवायचं आन चमच्या-चमच्यानं पाजत ऱ्हायचं."

"मंग पानीच की गं ते."

"औषध पडलं की ते पानी ऱ्हात न्हाई."

त्यांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं आणि वरच्या कप्प्यात, आपल्या मुरडशेंगेजवळ ठेवलं. मला हायसं वाटलं.

आषाढात विशाखाला जुलाब लागलेच. पहिल्या दिवशी मी रजा काढून पाजलं. दुसऱ्या दिवशी रजा मिळेना. दिवसभर हात पॅकिंगमध्ये आणि जीव घरात. संध्याकाळी धावत आले, तर पोरगी चमचा चावत बसलेली, डोळे टकटकीत. मला रडूच फुटलं. "आत्याबाई, तुमी वाचवलं हिला," मी म्हणाले.

विशाखाच्या हातातला चमचा सोडवत त्या म्हणाल्या, "शेवटचं पाकीट फोडताना हातातनं सुटलं. सारी पूड मोरीत गेली."

"मंग काय पाजलं?"

"कालचं उरलेलं चाखून बघितलं व्हतं म्या. मीठ हाय, साखर हाय. घरातलंच कालवलं. दुपारधरनं तेच पाजलं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "त्यात औषध न्हाईच गं. पानीच हाय."

मी विशाखाला उगाच थोपटत राहिले.

"मिलिंदलाबी चाललं असतं?"

"न्हाई," मी लगेच म्हणाले. "त्याचं दुखनं येगळं व्हतं, आत्याबाई. त्याला कशानंच गुण आला नसता."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं. पदरानं विशाखाचं तोंड पुसलं, पाय दुमडून नीट बसल्या आणि भिंतीकडं बघत म्हणाल्या,

"तू कामाला गेलीस की तो तांब्याकडं हात करायचा गं. म्या तांब्या उचलून फळीवर ठेवला."