राजाच्या दोन हनुवट्या

“हिला अर्धी पेनी म्हणायचं होय, वुल्फरनवहिनी?” लेव्हिंग चांभार चांदीचा तुकडा बोटांत फिरवत कुरकुरला. “पेनीवरच्या क्रुसाच्या रेघेवर कापायची सोडून ही अशी तिरकी! माझा चांगला एक घोट बुडाला की.”

“मग ऑसगॉडच्या नावाची पेनी आणू नकोस,” वुल्फरन म्हणाली. “ते नाव दिसलं की माझी कात्री वळते.”

लेव्हिंगने भांड्यात डोकावून पाहिलं. वुल्फरनच्या या गुत्त्यात ऑसगॉडचं नाव निघालं, की सगळ्यांनाच आपापल्या भांड्यात काहीतरी पडलेलं दिसे.

अकरा वर्षांपूर्वी गावच्या टांकसाळीतल्या पेनींत कथील सापडलं. टांकसाळ ऑसगॉडची, प्रत्येक पेनीच्या पाठीवर नावही त्याचंच. पण खोट ठसा मारणाऱ्या हातोडेवाल्याची, असं त्याने शपथेवर सांगितलं, आणि वुल्फरनच्या नवऱ्याचा, टोवीचा, उजवा हात मनगटापासून गेला. ऑसगॉड अजून दोन्ही हातांनी कोंबडी फोडून खातो, हे तिला रोज जेवताना आठवे. त्यामुळे अन्न पचत नसे असं नाही. उलट चार घास जास्तच जात.

तेव्हापासून ऑसगॉडच्या नावाची पेनी आली की ती आधी दाताखाली धरी. कथलाची निघाली की बार्लीखालच्या मडक्यात. आज राजाचा पारखी गावात आला होता आणि तहानेने तिच्याच बाकावर बसला होता. यंदाचा हुकूम सरळ होता: ज्याचं नाव, त्याचा हात.

तिने मडकं त्याच्यासमोर पालथं केलं. “घ्या महाराज. नाव तेवढं वाचा.”

“नको, वुल्फरन,” कोपऱ्यातून टोवी म्हणाला.

“तू गप रे! तू विसरलास, मी नाही विसरले.”

पारख्याने एकेक पेनी दगडावर घासली. “खोटी. हीपण खोटी.” मग त्याने सगळ्या ओळीने मांडल्या आणि कपाळाला आठ्या घातल्या. “बाई, टांकसाळीत हातोडेवाले तीन. पण या सगळ्या पेनींवर राजाला दोन-दोन हनुवट्या आहेत. एक घाव पुरतो. हा गडी दर वेळी वर दुसरा हलका मारायचा, म्हणून ठसा सरकला. मालकाची खोट असती तर तिघांच्याही हाताखाली निघाली असती; ही सगळी एकाच हाताखाली कशी? कोण होता हा?”

लेव्हिंग भांड्यात बघत राहिला.

टोवी दारावर दोनदा ठोठावायचा. पिंपाच्या बुचावर दोनदा. उकडलेलं अंडंसुद्धा त्याला एका टिचकीत फोडता येत नसे. यावरून लग्नाच्या पहिल्या वर्षी ती किती हसली होती!

वुल्फरन घाईघाईने पेनी गोळा करून मडक्यात टाकू लागली. “राहू द्या महाराज. जुन्या गोष्टी. दारू गरम होतेय तुमची.”

टोवी उठून जवळ आला. डाव्या हाताने त्याने एक पेनी उचलली आणि राजाच्या हनुवटीवरून अंगठा फिरवला.

“चांदीच्या चकत्या काढून कथलाच्या मीच ठेवल्या होत्या, वुल्फरन,” तो म्हणाला. “ऑसगॉड खरं बोलला होता.”