कुरडया वाळवणारं थडगं

मी सोलापूरच्या जुन्या, गोऱ्या लोकांच्या दफनभूमीतलं एक थडगं बोलतोय. सगळं नीट आठवतंय असं छातीठोकपणे सांगत नाही. माझ्याखालचे साहेब कलेक्टर होते की कर्नल, इथूनच माझा घोळ सुरू होतो. नाव माझ्या माथ्यावर कोरलंय, आणि स्वतःचा माथा कोणाला वाचता येतो? कुशीवर लॅटिनची एक ओळ आहे. दीडशे वर्षं ती अंगावर वागवतोय. अर्थ विचारायचा धीर झाला नाही.

घडणीनं मी दगडी पेटी. पोटात मात्र काही नाही. साहेब खाली जमिनीत. भोवती छातीएवढा लोखंडी कठडा. तो माझा मान राखायला घातला असावा. शेजारच्या अंबुबाईंना मात्र त्यातून शेळ्या आत शिरत नाहीत एवढंच दिसलं, आणि दर चैत्रात माझ्या तापल्या माथ्यावर त्यांच्या कुरडया वाळू लागल्या. आधी अपमान वाटला. पुढं मीच चैत्राची वाट पाहू लागलो.

एका चैत्रात कुठल्याशा कचेरीतले शिवयोगी नावाचे कारकून वही घेऊन आले. बेवारस थडग्यांचे कठडे कापून न्यायचे होते. कापणारा माणूसही सोबत होता. भर उन्हात मी गारठलो. शिवयोगी माझ्यावर कुरडया घालणाऱ्या अंबुबाईंना म्हणाले,

"बाई, हा कठडा निघणार. थडगं बेवारस आहे."

"बेवारस? मी हाय की! सून हाय मी."

"सून? आणि सासऱ्याच्या डोक्यावर कुरडया घालता?"

"मग काय शेजाऱ्याच्या घालू?"

"बरं, सासऱ्यांचं नाव सांगा. इथलं तर कुरडयांखाली गेलंय."

अंबुबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढला. "आवो, सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं असतंय व्हय? तुमची बायकू घेती का तुमच्या वडलांचं?"

शिवयोगी गडबडले. बहुधा घेत नसावी. "मग कुरडया उचला, मीच वाचतो."

"वल्या हायत. मोडल्या तर तुमी घालून देणार?"

एवढं बोलून त्यांनी घरून कुरडयांचा उरलेला चीक आणला, गूळ घातलेला, गरम. वाटी चाटून पुसून झाल्यावर शिवयोगींनी वहीत लिहिलं, 'वारस: सून'. कापणारा माणूस हात हलवत परत गेला.

कठडा अजून आहे. कुरडयाही आहेत. सातेक वर्षांनी पद्मजा नावाची इतिहासाची प्राध्यापिका आली. माझ्या अक्षरांत बसलेला वाळका चीक तिनं ब्रशनं खरवडला आणि मजकूर मोठ्यानं वाचला. अंबुबाई तेव्हा बाजारात होत्या, हे माझं नशीब. तुम्हाला विश्वासानं सांगतो. कृपा करून कचेरीत बोलू नका, नाहीतर कठडा जाईल. माझ्याखाली मिस हॅरिएट पेल निजल्या आहेत: मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, वय एकसष्ट, आजन्म अविवाहित.