नावेचा दोर

आमच्या जुन्या गावात शिरलं की आधी लोहार लागतो, मग कुंभार, मग पाववाली, आणि सगळ्यात शेवटी, नदीच्या अंगाला, आमची दोरशाळा. शेवटी असल्यामुळे लोक थकूनभागून येतात. पोरं रडकुंडीला आलेली असतात, आयांना टेकायला जागा हवी असते. मी आधी बाक दाखवते आणि मग दोर. पाय दुखत असताना कोणाला कसलं कौतुक सुचतंय?

हे गाव म्हणजे खरं गाव नव्हे, संग्रहालय आहे. ठिकठिकाणची पडायला आलेली घरं उचलून इथे आणून उभी केलीत, आणि त्यांत आमच्यासारखी माणसं जुन्या काळचे जाडेभरडे कपडे घालून जुनी कामं करून दाखवतात. कामं मात्र लुटुपुटूची नाहीत बरं. लोहाराच्या विळ्याने पलीकडच्या शेतातलं पीक खरोखर कापतात. ऋतू बदलला की कामंही बदलतात. पेरणीच्या दिवसांत नांगर निघतो, उन्हाळ्यात भिंतींना चुना लागतो, सुगीत मळणी चालते. आणि नदीला पाणी चढायच्या आत नाव काठावर ओढून घ्यायची असते. पाहुण्यांना नदीत फिरवणारी ती जड लाकडी नाव ओढायला दरवर्षी नवा दोर लागतो, आणि तो दोर आम्ही वळतो.

आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. बोलताना आम्ही. दारावरच्या पाटीवर मात्र एकच शब्द: दोरवाला.

दोरशाळा मूळची माझ्या सासऱ्यांची. शहरात तिचा धंदा बसला तेव्हा संग्रहालयाने ती आहे तशी उचलली. छप्पर आलं, चाक आलं, आणि त्या सामानाबरोबर हेही आले. मी आपली मागून चालत आले.

दोर कसा वळतात ते आधी सांगते, म्हणजे पुढचं भांडण समजेल. आमची पडवी लांबच लांब आहे. एका टोकाला मोठं चाक. ते दांड्याने फिरवलं की त्याला जोडलेले तीन आकडे फिरतात, आणि प्रत्येक आकड्याला वाखाचा एकेक पेड अडकवलेला असतो. दुसऱ्या टोकाला दगड ठेवून जड केलेली गाडी. तिथे तिन्ही पेड एकत्र बांधलेले. पेडांना पीळ भरला की गाडीपाशी त्यांच्या मध्ये भोवरा धरायचा. भोवरा म्हणजे तीन खाचांचा लाकडी ठोकळा. खाचांतून तीन पेड जातात आणि मागे त्यांचा एक दोर होत जातो. भोवरा धरणारा गाडीपासून चाकापर्यंत चालत येतो. घाई केली तर दोर सैल होतो, रेंगाळला तर लाकडासारखा ताठ. त्या चालणाऱ्याला दोरवाला म्हणतात. चाक फिरवणारीला काहीच म्हणत नाहीत.

"ही चाक फिरवते," हे पाहुण्यांना सांगायचे, लोहाराचा भाता दाखवावा तसं. मग तिकडून हाक यायची, "फिरव." मी फिरवायची. "थांब." मी थांबायची. आमच्या संसारात सगळ्यात जास्त बोलले गेलेले शब्द हे दोनच असतील.

पण चाकामागे बसून मला काय कमी कळायचं? हात दांड्यावर असला की पेडांचं दुखणंखुपणं मनगटाला कळतं. हे भरभर यायला लागले की दांडा हलका लागायचा, मग मी चाक जोरात घ्यायची. हे रेंगाळले की मी हळू व्हायची. ह्यांना वाटायचं, काय हात आहे आपला. वाटू दे, म्हटलं. एका घरात दोन शहाणे कशाला?

यंदा मात्र गडबड झाली. थंडीत हे जिन्यावरून घसरले आणि ह्यांचा उजवा अंगठा कामातून गेला. पेला धरता येतो, भोवरा आवरत नाही. बारीक दोऱ्या जमतात, नावेचा दोर नाही जमत. पण हे कबूल करतील तर शपथ. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, आणि इथे तर धंदाच पिळाचा. शेवटी नाव ओढायचे दिवस जवळ आले तेव्हा संग्रहालयाच्या मोठ्या बाईंनी आम्हा सगळ्यांना बोलावलं.

"यंदा नावेसाठी बाजारातून दोर आणू या का?" बाई ह्यांना म्हणाल्या. "तुम्ही पाहुण्यांना बारीक दोऱ्या वळून दाखवा. चालेल ना?"

मला वाटलं, आता हे उसळणार. हे म्हणाले, "चालेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाने बाजारातली दोरी कधी कपडे वाळत घालायलासुद्धा घरात येऊ दिली नाही, त्याला ती नावेला चालते. आणि शेजारी बायको बसलीय, तिचं नाव काही तोंडातून फुटत नाही.

"नावेचा दोर मी वळते," मी म्हणाले.

पाववालीने माझ्याकडे पाहिलं, लोहाराने ह्यांच्याकडे.

"तू चाक फिरवतेस," हे म्हणाले.

"हो ना. ते आता तुम्ही फिरवा."

लोहाराला ठसका लागला. मोठ्या बाईंनी जरा विचार केला. "वळा तुम्ही," मला म्हणाल्या. "पण दोर नीट झाला नाही तर मी बाजारातला आणीन, आणि मग दरवर्षी तोच आणीन. तुटला तर ओढणाऱ्यांच्या हातापायाशी गाठ आहे." त्यांचं बरोबरच होतं. मी मान हलवली.

घरी ह्यांनी अबोला धरला. मीठ हवं होतं तर उठून स्वतः घेतलं. म्हटलं बरं झालं, मिठाचा डबा कुठे असतो ते तरी कळलं. जेवताना एकदाच बोलले. "दोर तुटला तर माझं नाव जाईल. माझ्या बापाचं जाईल."

"आणि नाही तुटला तर कोणाचं नाव होईल?" मी विचारलं.

हे ताट घेऊन उठले.

दोर वळायच्या दिवशी सकाळीच मी चाकामागे बसून तिन्ही पेडांना पीळ भरून ठेवला. दुपारी पाहुणे जमले. त्यांना माहिती सांगायला आमचा माईकवाला आला. त्याच्या हाती माईक पडला की तो असं चऱ्हाट लावतो की विचारू नका. दोरशाळेत शोभतं म्हणा. हे मुकाट्याने चाकामागच्या माझ्या स्टुलावर जाऊन बसले. स्टूल माझ्या मापाचं, त्यामुळे ह्यांचे गुडघे छातीला लागत होते. मी पलीकडच्या टोकाला गेले आणि पेडांमध्ये भोवरा बसवला. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

"फिरवा," मी म्हणाले. पण आवाजच फुटला नाही. माईकवाल्याला माझ्या वतीने सांगावं लागलं.

चाक फिरलं. भोवरा ढकलावा लागत नाही, मागे होणारा दोरच त्याला पुढे सारतो, आपण फक्त आवरायचं. इथे भोवरा ढिम्म. मी वाट पाहिली. मग ताठ असलेले पेड खाली झुकायला लागले आणि पार लोंबले. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमचे हे चाक उलटं फिरवत होते. सकाळी मी भरलेला पीळ हे मोठ्या निष्ठेने उलगडत बसले होते.

असं का झालं तेही मला तिथेच कळलं. जन्मभर ह्यांनी ते चाक समोरून पाहिलेलं. तिथून ते डावीकडे फिरताना दिसतं, म्हणून मागे बसूनही ह्यांनी ते डावीकडेच फिरवलं. घड्याळ मागून पाहिलं तर काटे उलटेच जायचे. चाकामागे हे कधी बसलेच नव्हते.

"पाहा, दोर कसा जन्माला येतोय!" माईकवाला रंगात आला होता. जन्माला कसला येतोय, दोराने मान टाकली होती. मी गप्प बसले असते तर दोर गेला होता. तिथूनच ओरडले असते तर भर गर्दीत ह्यांचं नाक कापलं गेलं असतं. सरळ सांगते, कापू दे एकदा, असंही मनात येऊन गेलं. पण मग ह्यांचं तोंड दिसलं. घामाघूम झाले होते, काहीतरी चुकतंय हे कळत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मला ते बघवेना.

पाववाली बघायला आली होती. "हा धर, हलू देऊ नकोस," म्हणून भोवरा तिच्या हातात दिला आणि चाकापाशी जाऊन मी वाकले.

"अहो, दुसऱ्या बाजूला," मी हळूच म्हणाले.

"याच बाजूला फिरतं. रोज बघतो मी."

"तिकडून बघता."

हे थांबले. एकदा चाकाकडे पाहिलं, एकदा लांब गाडीकडे, पुन्हा चाकाकडे. मला वाटलं, आता उठून जातात. तर हे हसायलाच लागले, पोट धरून. मग माईकवाल्याच्या हातातून माईक घेतला.

"मंडळी, जरा थांबावं लागेल," हे पाहुण्यांना म्हणाले. "जन्म गेला या चाकासमोर, पण ते कुठल्या बाजूला फिरतं ते मला माहीत नाही. हिला माहीत आहे."

लोक हसले, पण त्या हसण्यात टवाळी नव्हती. मी मात्र तिथे थांबले असते तर सगळ्यांसमोर रडले असते, म्हणून तडक माघारी जाऊन पाववालीकडून भोवरा घेतला.

निघून गेलेला पीळ परत किती भरायचा, याचं काही माप नसतं. पेडावर बोट ठेवून बघायचं. सैल पेड नुसता दबतो, भरलेला पेड बोटाला उलट ढकलतो. "मी सांगेपर्यंत फिरवत राहा," मी ह्यांना ओरडून सांगितलं. या खेपेला आवाज फुटला. हे फिरवत राहिले. बोटाला हवा तसा रेटा लागला तेव्हा मी भोवऱ्यावरची पकड जरा सैल केली, आणि तो आपणहून पुढे सरकला.

मग मी चालायला लागले. पडवीच्या मध्यावर बघे अगदी जवळ येतात, तिथे ह्यांना नेहमी चेव यायचा आणि पाय भराभर पडायचे. तिथे मी मुद्दाम सावकाश झाले. मागे दोर होत होता, गोल, घट्ट, एकसारखा.

"जरा थांबू का?" ह्यांनी चाकामागून विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मध्येच थांबलं की दोराला खोट राहते, ही ह्यांचीच शिकवण.

चाकापाशी पोचले तेव्हा ह्यांना धाप लागली होती. "हे इतकं जड असतं?" म्हणाले.

"छे. आज तुम्ही बसलात म्हणून," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात नाव ओढायची होती. नदीकाठी एक जाड खुंट रोवलेला आहे. त्याला वेढा घालून दोर वर घेतात आणि सगळे मिळून ओढतात. माझ्या सासऱ्यांचा नियम होता: ज्याने दोर वळला त्याने खुंटापाशी, दोराच्या अगदी अंगाला उभं राहायचं. दोर तुटला तर पहिला फटका त्याला बसला पाहिजे. नावाड्यांना दोर विकायचे तेव्हा ते असेच उभे राहायचे, आणि म्हणून त्यांचा दोर लोक डोळे मिटून घ्यायचे. त्यांच्यामागे तिथे हे उभे राहायला लागले, छाती काढून. मी ओढणाऱ्यांच्या रांगेत.

यंदा मी लवकर जाऊन खुंटापाशी उभी राहिले. लोहार, कुंभार, पाववाली, पाहुणे सगळे दोराला लागले. मोठ्या बाईसुद्धा चपला काढून चिखलात उतरल्या. आणि हे सवयीने खुंटाकडे चालत आले. मला बघून थबकले. माईकवालाही गप्प झाला, म्हणजे बघा.

"चाक मी फिरवलं," हे म्हणाले. "अर्धा दोर माझा आहे."

"मग इतकी वर्षं अर्धा माझा होता," मी म्हणाले.

हे दोराकडे बघत राहिले.

"होता," म्हणाले. मग आवाज खाली आणून, "मला ठाऊक होतं. माझा पाय भरभर पडला की तू चाकावर सावरून घ्यायचीस. ठाऊक होतं, पण बोललो नाही."

हे पुढे आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

"ओढा," हाळी झाली. दोर ताणला, करकरला, त्यातून पाणी निथळायला लागलं. नावेचा तळ चिखलात रुतला होता, ती जागची हलेना. दोर असा ताठ झाला की हात ठेवला तर आतून थरथरत होता. मागून ह्यांचा श्वास ऐकू येत होता. मी तसूभर बाजूला झाले नाही, आणि हेही झाले नाहीत. मग नावेने चिखल सोडला. काठावर अंथरलेल्या ओंडक्यांवरून सरकत ती पार नावेच्या छपराखाली जाऊन थांबली. मी पूर्ण दोरावरून हात फिरवला, एक धागा सुटला नव्हता.

"बाजारात जायला नको," मोठ्या बाई चिखलाचे हात झटकत म्हणाल्या.

त्या दिवशी मला माझाच अभिमान वाटला. कोणी शिष्ट म्हणेल तर म्हणो. माझ्या हातचा दोर होता, आणि त्याच्या अंगाला मी उभी राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोरशाळेत आले तर हे आधीच हजर. स्टुलाच्या पायांखाली विटा घालून ह्यांनी ते आपल्या मापाचं करून घेतलं होतं. दिवसाचे पहिले पाहुणे आत आले आणि नेहमीसारखं विचारलं, "दोरवाला कोण?" ह्यांनी माझ्याकडे बोट केलं. मग डावा हात दांड्यावर ठेवला, पण चाक काही फिरवलं नाही. पडवीच्या या टोकाकडे, माझ्याकडे, बघत बसले.

"फिरवू?" म्हणाले.

मी भोवरा पेडांमध्ये बसवला, नीट धरला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "फिरवा."