आवाज राहू दे

पंचवीस वर्षं फ्रिज दुरुस्त करतोय मी. घरात पाऊल टाकलं की नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतो, हा माझा तोरा. त्या घरात तर जिन्यातच कळलं, कॉम्प्रेसर कामातून गेलाय. थांबायचं नाव घेत नव्हता, नुसता घरघरत होता आणि आत सगळं कोमट.

"बाबांना दिसत नाही," लेक म्हणाली. "परवा नासलेलं दूध प्यायले, दोन दिवस अंथरुणात होते. मी राहते लांब. मी तरी कुठे कुठे पुरी पडू?"

म्हातारबाबा काठी धरून खोलीच्या दारात उभे होते. मला म्हणाले, "थंड कर, पण आवाज राहू दे."

गिऱ्हाइकं एकेक नमुने असतात, म्हणून मी हसण्यावारी नेलं. कॉम्प्रेसर बदलला, त्याखालचे हादरे शोषणारे रबरी बुश नवे बसवले, गॅस भरला, मागची जाळी झाडली. कान लावला तरी ऐकू येऊ नये असा फ्रिज करून दिला आणि छाती फुगवून घरी गेलो.

पाचव्या दिवशी लेकीचा फोन आला. बाबा सकाळी चहाला उठले, स्वयंपाकघराचं समजून बाहेरचं दार उघडलं आणि जिन्यावरून पडले. मनगट मोडलं.

"डोळे गेल्यापासून ते त्या आवाजाच्या मागे जात होते, दादा. मलाही आत्ता सांगतायत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धावत गेलो. लेक त्यांना आपल्याकडे न्यायला निघालेली, ते हटून बसलेले. शेवटी ठरलं, आवाज परत आला आणि ते एकटे स्वयंपाकघरात जाऊन दाखवू शकले तर इथेच राहतील.

मी म्हटलं, "स्वयंपाकघरात रेडिओ लावून ठेवा की."

"लावायला आधी तिथवर पोचायला नको?" म्हातारबाबा म्हणाले. मी मुकाट्याने हत्यारं काढली.

जुना कॉम्प्रेसर भंगारात गेला होता. मग नव्याचेच बुश सैल केले, मागे पत्र्याचा तुकडा अडकवला. फ्रिज घरघरायला लागला. म्हातारबाबांचा चेहरा खुलला. प्लास्टरचा हात छातीशी धरून ते खोलीतून स्वयंपाकघराकडे निघाले. चार पावलं, सहा पावलं, अगदी सरळ.

आणि फ्रिज थांबला.

चांगला कॉम्प्रेसर आतलं गार झालं की थांबतोच. जुना आजारी होता म्हणून अखंड चालायचा. हे मला नाही कळायचं तर कोणाला? मी घाईघाईने थंडाव्याचं बटण फुल केलं, पण एकदा थांबलेला कॉम्प्रेसर पाच मिनिटं तरी पुन्हा उठत नाही.

ते घरातल्या बोळाच्या मध्यावर मान तिरकी करून उभे होते.

"काका, इकडे या. मी आहे इथे," मी फ्रिजजवळून म्हटलं.

"तू रोज असशील का?" त्यांनी शांतपणे विचारलं.

त्यांच्या मागे खोलीत लेकीने कपाट उघडलं आणि त्यांचे सदरे पिशवीत भरायला घेतले.