टीव्हीचं तोंड

निडी गावातल्या घरी गणपतीत आरती झाली, की सगळे एकत्र बसून टीव्ही बघायचे. त्याआधी कृष्णाबाई टीव्हीचं तोंड मखराकडे फिरवायची. "त्यालाबी बघू दे. पाव्हणा हाय तो." मग घरादाराने माना वाकड्या करून बघायचं. "देव काय मालिका बघायला येतो?" बाबाजी दरवर्षी बायकोवर खेकसायचे.

आषाढात ती गेली. यंदा आरतीनंतर मुलाने, सुजयने, टीव्ही लावला, तोंड माणसांकडेच ठेवून. बाबाजी भडकले. "अक्कल नाय तुला?" उठून त्यांनी टीव्ही फिरवला. मखराशीही थांबले नाहीत. थेट तिच्या फोटोसमोर आणला.

चटया उचलून सगळे फोटोखाली जाऊन बसले.

"आता दिसतंय ना गो?" बाबाजींनी विचारलं.