सातवं फाटक

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी ग्रॅहम पर्सेलने यारलू या गुरांच्या अवाढव्य कुरणातलं सातवं फाटक लावलं. ते सताड उघडं होतं आणि दुहेरी तारेने खांबाला बांधलेलं होतं. ग्रॅहमने पक्कड आणून तार तोडली.

"राहू दे ना," त्याची बायको नोलीन गाडीतून म्हणाली. "कुणीतरी मुद्दाम बांधलंय ते."

"कुणीतरी आळशी आहे. गुरं मोकाट सुटली म्हणजे कळेल."

गाडीमागे जोडलेलं चाकांवरचं घर, कॅरव्हॅन, घेऊन दोघं निघाले. कुरणाच्या हद्दीवरच्या पाटीवर एकच ओळ होती: फाटक जसं दिसेल तसंच ठेवा. आदल्या संध्याकाळी ग्रॅहमने त्या पाटीला टेकून फोटो काढून घेतला होता.

दुपारी बारा वाजता, साठ-पासष्ट किलोमीटर पुढे, दोघं एका झाडाखाली खुर्च्या मांडून बसले होते. मागून धुळीचा लोट आला. त्यातून ट्रूडी हॅस्लम उतरली. कुरण तिचं.

"सातवं फाटक तुम्ही लावलंत?"

"हो. उघडंच टाकलं होतं कुणी." ग्रॅहम हसला. "आभार वगैरे नकोत."

"आभार?" तिने तुटकी तार त्याच्या नाकासमोर धरली. "ही काय वाऱ्याने बांधली होती? अलीकडच्या हौदाचा पंप परवापासून बंद आहे. एकसष्ट गाई फाटकापलीकडे पाण्याला जातात. सकाळी आल्या, हंबरत उभ्या राहिल्या, आणि गेल्या परत कोरड्या हौदाकडे. बारा किलोमीटर. कालपासून पाणी नाही. अंगावर पिणारी वासरं आहेत, साहेब. आणि ऊन एक्केचाळीस."

"मग तसं लिहायला हवं होतं."

"लिहिलंय!" दोघी एकदम म्हणाल्या.

"हे बघा, माझा हेतू चांगला होता."

"ओता तो हौदात. बघू गाई पितात का."

ट्रूडीचा नवरा पंपाचा सुटा भाग आणायला चारशे किलोमीटरवर गेला होता. फाटक पुन्हा उघडून ती एकटीच या दोघांच्या मागावर आली होती. कोरड्या हौदाकडे गेलेली गुरं परत हाकायला दुसरी गाडी हवी होती.

"कॅरव्हॅन सोड, ग्रॅहम," नोलीन म्हणाली.

"आणि तू? इथे एकटी?"

"मला वायरलेस आहे, फ्रिज आहे, ऐंशी लिटर पाणी आहे. त्या गाईंना काय आहे? जा. आणि वाटेत कुणाला काही शिकवू नकोस."

त्याने कॅरव्हॅन सोडली आणि ट्रूडीच्या मागे गाडी घातली.

चार वाजता वायरलेसवर ट्रूडीचा आवाज आला. चव्वेचाळीस गाई पाण्यापर्यंत पोचल्या होत्या. सतरा कमी होत्या.

साडेपाचला ग्रॅहम बोलला. कोरड्या हौदात एक वासरू मरून पडलं होतं.

"नोलीन, ते पाण्यासाठी आत उतरलं होतं गं. तळाशी चिखल आहे थोडा."

सकाळी तिने गाडीतून उतरून त्याच्या हातातली पक्कड घेतली नव्हती, एवढंच तिला पुन्हा पुन्हा आठवत होतं.

सहा पन्नासला तिनेच विचारलं, "मिळाल्या?"

"सहा. हळूहळू चालताहेत. ट्रूडी त्यांच्यामागे आहे."

"आणि अकरा?"

"कुंपणाच्या कडेने पूर्वेला खुरांच्या खुणा आहेत. पुढे खडकाळ जमीन लागलीय. तिथून पुढे खुणाच दिसत नाहीत."