चोर कोणीच नाही

प्रियदर्शनीने रिकामे कप ट्रेमध्ये जरा जोरातच ठेवले.

“काका, कोणी कोणाचा गॅस चोरत नाही.”

“भागवत तर म्हणायचा, माही पोरगी आभाळातल्या चोऱ्या धरती,” भुजंगकाका म्हणाले. “दीर्घिका गर्दीत गेली की शेजारचे तिचा गॅस पळवतेत. आपल्याकडं बांध कोरतेत तसं.”

तिचे वडील, भागवतअण्णा, गेल्यापासून ओसरीवर भेटायला येणारा प्रत्येक जण हेच सांगत होता. अख्ख्या धावडा गावाला अण्णांनी हे पढवून ठेवलं होतं, आणि खगोलशास्त्रज्ञ असलेली ती प्रत्येकाला दुरुस्त करत होती.

“नवे तारे व्हायला थंड गॅस लागतो. ताऱ्यांनी भरलेली दीर्घिका इतर दीर्घिकांच्या गर्दीत वेगाने शिरते, तिथला तापलेला वायू समोरून आदळतो, आणि तिचा गॅस मागे सुटत जातो. मोटारसायकलवर डोक्याचा रुमाल उडतो तसा. अण्णांनाही हेच सांगितलं होतं मी. कितीदा!”

“म्हंजी चोर कोणीच न्हाई? मंग सरकार तुला पगार कशाचा देतंय?”

“प्रिया, गप बस बाई,” आतून दुर्गाआत्या म्हणाली. “माणसं भेटायला आलेत, शाळंत न्हाई.”

तिने ट्रे उचलला. एकदा, फक्त एकदा, अण्णांनी नीट ऐकून घेतलं असतं तर.

भुजंगकाका गेले. मागे उरले रामप्रसादकाका, अण्णांचे रोजचे सोबती. त्यांनी घसा खाकरताच ती म्हणाली, “चोरीचं नका सांगू, काका.”

“न्हाई. ते तो चारचौघांत सांगायचा, हसायला. मला रुमालाचं सांगितलं व्हतं. बिलकुल तू आता सांगितलं तसं.”

ट्रे तिच्या हातातच राहिला.

“एक इचारायचं राह्यलं म्हणायचा. उडालेला गॅस तिला परत भेटतो का?”

“मग विचारलं का नाही मला?”

“फोनवर तू जल्दीत असती म्हणे.”

तिने ट्रे खाली ठेवला आणि त्यांच्याशेजारी जोत्यावर बसली.

“सहसा नाही भेटत,” ती म्हणाली. “पण फार लांब गेला नसेल, तर थोडा परत येतो. तिच्यातच पडतो.”

रामप्रसादकाकांनी ऐकू येणारा कान तिच्याकडे केला.

“सावकाश,” ते म्हणाले. “पह्यल्यापासून सांग.”